नव्या घराची पश्चिमेची खिडकी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा, पाचट असेच विषय घेतो. या खेपेस घराच्या खिडकीवर लिहिणार आहोत. कोणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याला हा नसता उद्योग कशाला? कारण असे, की उसाच्या नोंदी घेण्यासाठी आणि प्लॉट पाहण्यासाठी आम्हांला जुन्नर-आंबेगावच्या मळ्यामळ्यांतून हिंडावे लागते, आणि उन्हाळ्यात दुपारचे पाणी प्यायला कुणा ना कुणाच्या घरी टेकावेच लागते. गेली काही वर्षे एक गोष्ट आमच्या नजरेस वारंवार येत आहे. नवा बंगला उभा असतो. रंग ताजा, ग्रील ताजे, पुढे फरशी. आणि घरातली माणसे मात्र बाहेर. कोणी आंब्याखाली, कोणी गोठ्यात, कोणी पाडायचे राहून गेलेल्या जुन्या घराच्या पडवीत. उसाचे पेमेंट, टोमॅटो-द्राक्षाचे चार पैसे, वर कर्ज, असे सगळे घालून बांधलेले घर ऐन एप्रिल-मेच्या दुपारी ओस पडते आणि माणसे जुन्याच्या आसऱ्याला जातात, हे काही बरे दिसत नाही.

एका मळ्यातल्या आजींनी आम्हांला सरळच सांगितले, "साहेब, घर लई झ्याक हाये, पर दुपारचं त्यात बसवत न्हाई. भिंतीला टेकावं तर भिंत तापल्याली. म्या आपली गोठ्यात गाईपाशी पडते." त्यांची खोली आम्ही पाहिली. मुलाने आईसाठी म्हणून मोठी हवेशीर खोली काढली होती, त्यात शंका नाही. पण खोली घराच्या पश्चिम कोपऱ्याला, आणि तिला पाच फूट रुंद, चार फूट उंच काचेची सरकती खिडकी. बाहेर दोन फुटांचा छज्जा होता. आत जाड पडदा होता. पंखाही होता. तरी दुपारी चार वाजता उन्हाचा पट्टा थेट कॉटवर. सगळे करूनही घर का तापते, असे मुलाने विचारले. त्याला त्या दिवशी तोंडी जे सांगितले तेच येथे जरा सविस्तर मांडतो.

सूर्य कोठून येतो

उन्हाळ्याचा सूर्य डोक्यावर असतो असे आपण म्हणतो, आणि जुन्नर-आंबेगावपुरते ते अक्षरशः खरे आहे. आपले तालुके साधारण १९ अक्षांशावर येतात. मे महिन्याच्या १५ ते १७ तारखांच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य आपल्याकडे अगदी माथ्यावर असतो. अंगणात उभ्या रोवलेल्या काठीची सावली त्या वेळी काठीच्या बुंध्यातच गडप होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेलाच राहतो. म्हणजे भर मेच्या दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. ते पडते स्लॅबवर, आणि दुपार कलली की पश्चिमेच्या भिंतीवर.

पश्चिमेची गंमत अशी की तेथे सूर्य उंच राहत नाही, खाली खाली येत जातो. छज्जा हा डोक्यावरची टोपी. ऊन वरून येत असेल तर टोपी कामाची. समोरून डोळ्यांत येणाऱ्या उन्हाला टोपी काय करणार?

याचा हिशेब प्रत्येकाला आपल्या दारात करता येतो, इंजिनिअर लागत नाही. एक फूट लांबीची सरळ काडी घ्या, पश्चिमेच्या भिंतीला काटकोनात धरा, आणि भिंतीवर तिची सावली खाली किती इंच उतरते ते मोजा. मेच्या मध्याला दुपारी साडेतीनला ती सावली सुमारे १३ इंच भरेल. साडेचारला ८ इंच. साडेपाचला फक्त ४ इंच. आता ही काडी म्हणजेच एक फुटाचा छज्जा समजा. दोन फुटांच्या छज्ज्याला हे आकडे दुप्पट करायचे. म्हणजे साडेतीनला तो सव्वादोन फुटांच्या आत खिडकी झाकतो, साडेचारला सव्वा-दीड फूट, आणि साडेपाचला जेमतेम आठ-नऊ इंच. खिडकी चार फूट उंच. उरलेली सगळी उघडी! सूर्य मावळतो सातच्या सुमारास. दुपारी तीनपासून पुढचे तीन-साडेतीन तास ऊन त्या काचेतून घरात शिरत राहते, आणि ज्या छज्ज्यावर आपण भरवसा ठेवला तो वर नुसता उभा असतो.

मग छज्जा मोठा केला तर? तोही हिशेब सोपा आहे. साडेचारला एक फुटाला आठ इंच सावली, तर चार फूट, म्हणजे ४८ इंच झाकायला छज्जा सहा फुटांचा लागेल. आणि सहा फुटांचा छज्जा म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, आपली जुनी पडवीच की!

आपल्या वाडवडिलांनी भूमितीचे पुस्तक वाचले नव्हते, पण घराच्या अंगाला पडवी काढायची, तिचे कौल माणसाच्या डोक्याला लागेल इतके खाली उतरवायचे, हे त्यांना ठाऊक होते. पावसासाठी म्हणून ते केले असेल, पण उन्हाचेही काम त्यातच झाले. जुन्या घराचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ते घर अंधारे होते, धुराने काळे पडलेले होते, आणि चुलीपुढे बसून डोळे गेले ते बायकांचे. मोठ्या खिडक्या हव्याच. फक्त मोठी खिडकी काढताना तिच्यापुढची पडवी काढून टाकली, तेथे सगळे बिघडले.

काचेचे काम पॉलिहाऊससारखे

आपल्या भागात पॉलिहाऊस आता नवे राहिले नाही. कागदातून ऊन आत जाते, आतली जमीन आणि झाडे तापतात, आणि ती धग मात्र त्याच वाटेने सहज बाहेर पडत नाही. काचेचेही तसेच. ऊन काचेतून आले की ते फरशीवर, गादीवर, कपाटावर पडते, त्या वस्तू तापतात, आणि त्यांची ऊब खोलीतच कोंडते. चार बाय चारच्या उघड्या पश्चिम खिडकीतून मेच्या दुपारी चारच्या सुमारास जी उष्णता आत येते ती ढोबळ मानाने सहाशे-सातशे वॉटच्या विजेच्या शेगडीएवढी असते. अशा दोन खिडक्या म्हणजे दोन शेगड्या पेटवून ठेवायच्या, आणि वर पाऊणशे वॉटचा पंखा लावून वारा घ्यायचा. पंखा थंड करत नाही, आहे तीच हवा फिरवतो. लोडशेडिंग झाले की तेही नाही.

म्हणूनच आतला पडदा फारसा उपयोगी पडत नाही. ऊन काच ओलांडून आत आले, पडद्यावर पडले, पडदा तापला. आता तो तापलेला पडदा खोलीतच लोंबकळतो आहे. चोर घरात आल्यावर दाराला कडी लावण्यासारखेच हे झाले. पांढऱ्या, जाड पडद्याने थोडा फरक पडतो, नाही असे नाही, पण ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. या सगळ्या लेखात ध्यानात ठेवायची गोष्ट हीच. जी सावली बाहेर कराल ती पदरात पडेल, आत कराल त्यातली थोडीच.

उसात पाचटाचे आच्छादन आपण का करतो? ऊन थेट मातीला लागू नये म्हणून. माती तापल्यावर तिच्यावर पाणी मारून कोणी ती थंड करायला जात नाही. खिडकीचेही गणित त्याच जातीचे आहे.

दक्षिणेची भीती नको

आमच्या पाहण्यात असे आले आहे की बरीच मंडळी दक्षिणेला खिडकी नको म्हणतात आणि पश्चिमेला मोठी काढतात. दक्षिणेविषयी कोणाच्या मनात काय आहे तो ज्याचा त्याचा प्रश्न. उन्हापुरते मात्र हे उलटे आहे. दक्षिणेची खिडकी सांभाळायला सर्वांत सोपी. एप्रिलच्या मध्याला दुपारचा सूर्य इतका चढलेला असतो की दीड-दोन फुटांचा छज्जा चार फुटांची अख्खी खिडकी सावलीत ठेवतो. आणि डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेला निम्म्यावरच असतो, त्यामुळे छज्ज्याखालून ऊन थेट आत येते. जुन्नरची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना त्या उन्हाचे मोल सांगायला नको. एकच छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो आणि हिवाळ्यात सोडतो. पश्चिमेला असे होत नाही.

कोणाला प्रत्यक्ष पाहायचे असेल तर लेण्याद्रीला जावे. दर्शनाला तर आपण जातोच. तीनशेच्या घरात पायऱ्या चढून वर गेल्यावर गिरिजात्मजाच्या मंदिराचे, म्हणजे सातव्या लेण्याचे, तोंड कोणत्या दिशेला आहे ते बघा. दक्षिणेला. ही बौद्ध लेणी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतली, आणि कुकडीच्या खोऱ्याकडे तोंड करून ओळीने दक्षिणाभिमुख खोदलेली. सातव्या लेण्यापुढे खांबांची ओसरी आहे. आतला मंडप मोठा, एकही खांब नसलेला, भोवती भिक्षूंच्या खोल्या. दिवसभर उजेड असतो, पण मेच्या दुपारी ऊन आत घुसत नाही. मागे सगळा डोंगर आहे, त्यामुळे तेथला गारवा विटांच्या घरात येणार नाही, हे खरेच. पण पुढे ओसरी, मागे सभामंडप, आणि तोंड दक्षिणेला ही रचना दोन हजार वर्षे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

उत्तरेच्या खिडकीला मे ते जुलैत सकाळी आणि संध्याकाळी थोडे तिरपे ऊन लागते. तिच्या पश्चिमेच्या बाजूला एक फुटाचा उभा पाखा काढला की काम झाले. पूर्वेचे ऊन पश्चिमेसारखेच खालून येते, पण तेव्हा हवा गार असते आणि घर रात्रभर निवलेले असते. दहा वाजेपर्यंत झडप लावून ठेवली तर ते त्रास देत नाही.

रात्रीचा प्रश्न, आणि बिबट्या

दुपार कशीतरी झाडाखाली निघते. खरी अडचण रात्रीची आहे. नऊ इंची विटांच्या भिंतीवर बाहेरून पडलेले ऊन आतल्या बाजूला पोहोचायला सहा-सात तास घेते. दुपारी चारला तापलेली पश्चिमेची भिंत रात्री दहा-अकराला आतून धग टाकू लागते, म्हणजे नेमकी आपण पाठ टेकतो त्या वेळी. पूर्वी याची फिकीर नव्हती. घर तापले तर तापले, अंगणात बाज टाकावी आणि चांदण्या मोजत निजावे. लहान मुले, म्हातारी माणसे सगळी बाहेर.

आता ते दिवस राहिले नाहीत. सन २००१ ते २००३ या काळात जुन्नर वन विभागात बिबट्याचे माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. पुढे माणिकडोहला बिबट निवारा केंद्र झाले. पण बिबट्या काही गेला नाही. तो आता डोंगरातला राहिलेला नाही, आपल्या उसातला झालेला आहे. मादी उसात पिल्ले घालते, आणि तोडणीच्या वेळी फडात पिल्ले सापडल्याच्या गोष्टी आपल्या तोडणी मजुरांकडून सगळ्यांनी ऐकल्या आहेत. अशा मळ्यातल्या वस्तीवर लहान लेकराला घेऊन अंगणात निजा असे आज कोण सांगेल? वन खातेही उघड्यावर झोपू नका म्हणूनच सांगते. तेव्हा मेची रात्र घरातच काढायची आहे, आणि म्हणून घर रात्री गार असले पाहिजे. चैनीची बाब म्हणून आम्ही हा विषय घेतलेला नाही, तो यासाठी.

रात्रीच्या गारव्याला दोन गोष्टी लागतात. दिवसा ऊन अडवलेले असले पाहिजे, आणि रात्री खिडक्या सताड उघड्या राहिल्या पाहिजेत. सकाळी दहाच्या सुमारास खिडक्या लावून घ्याव्यात, कारण दुपारची बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते. संध्याकाळी बाहेर गार वाटू लागले की सगळ्या उघडाव्यात. उघडी ठेवायची तर ग्रील मजबूत हवे, आणि डासांची जाळीही. शोभेचे पातळ ग्रील काही कामाचे नाही. येथे सरकत्या खिडकीचा एक दोष सांगून ठेवतो. पाच फुटांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी एका वेळी अडीच फूटच उघडते; दुसरा अर्धा भाग काचेमागे काच. बाहेर उघडणारी दोन दारांची खिडकी पुरी उघडते. दुकानदार सरकतीची तारीफ करतो, करू दे. रात्रीच्या वाऱ्याचा निम्मा वाटा ती खाते.

बांधून झाले आहे, आता काय?

ज्यांचे घर उभे आहे त्यांनी भिंती फोडायच्या नाहीत. सर्वांत हलका उपाय आपल्या घरातच पडून असतो, तो म्हणजे रोपवाटिकेतले उरलेले शेडनेट. पश्चिमेच्या खिडकीला वर छज्ज्याच्या कडेला नेट बांधायचे आणि खालचे टोक भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढून खुंट्यांना ताणायचे, तंबूच्या कनातीसारखे. भिंतीला किंवा ग्रीलला चिकटवून बांधू नका. नेट आणि काच यांच्यात हवा खेळली पाहिजे, नाहीतर नेटची धग काचेलाच. ७५ टक्क्यांचे नेट चांगले. ५० टक्क्यांचे असेल तर दुहेरी घ्या. मृग लागला की गुंडाळून ठेवावे. दिसायला फार देखणे नाही हे मान्य, आणि नवीन बंगल्याला हिरवे नेट लावायला घरधनी कुरकुरतो हेही आम्ही पाहिले आहे. त्यांनी बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा बाहेरून सोडावा. तो वर गुंडाळता येतो, वारा येतो, आणि शोभतो.

वाळ्याचा पडदा किंवा तागाचे जुने पोते ओले करून सोडले तर आणखी बरे. आपल्याकडे एप्रिल-मेत दुपारचा वारा बहुधा पश्चिमेकडूनच येतो आणि तो कोरडा असतो, त्यामुळे ओल्या पडद्यातून आलेला वारा खरोखर गार लागतो. फक्त त्या वेळी खिडकी उघडी हवी, आणि समोरच्या भिंतीतलीही थोडी, म्हणजे हवा पलीकडे जाईल. कूलर याच तत्त्वावर चालतो. कूलर घ्यायला आमची ना नाही. पण काचेवर ऊन तसेच ठेवून कूलर लावणे म्हणजे फुटक्या चारीला मोटरचे पाणी सोडणे.

निळी ताडपत्री मात्र लावू नये. ती वारा बंद करते आणि आपल्या पोटात गरम हवा कोंडते. काचेवर काळा कागद चिकटवला तर उजेड जातो, आणि काच स्वतःच तापून आत धग देते.

कायमचे काम करायचे तर पत्र्याची पाख. पश्चिमेला खिडकीवरून सहा फूट पुढे, पुढची कड जमिनीपासून साडेसहा फुटांवर आणलेली. पत्रा वरून पांढरा रंगवावा. आणि पाख भिंतीला जेथे टेकते तेथे तीन-चार इंचांची फट सोडावी. पत्र्याखाली साठलेली गरम हवा त्या फटीतून वर निघून जाते. ही फट सोडली नाही तर तीच हवा खिडकीतून घरात येते. मिस्त्री म्हणेल, फटीतून पाऊस येईल. वर वीतभर रुंद पत्र्याची टोपी ठोकली की येत नाही.

वेलीचा मांडव सगळ्यांत देखणा. दोडका, कारले, घेवडा हे आपले घरचे वेल आहेतच. फेब्रुवारीत लावले तर एप्रिलपर्यंत मांडव भरतो. मधुमालती, कृष्णकमळ हे वर्षानुवर्षे टिकतात. नारायणगावाकडच्या काही मंडळींनी हौसेने द्राक्षाचा वेल दारावर चढवलेला आहे. हौस म्हणून ठीक. पण द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलात येते, आणि ज्या महिन्यात सावली पाहिजे त्याच महिन्यात मांडव उघडा पडतो.

झाडांत कडुनिंबासारखे झाड नाही. फेब्रुवारी-मार्चला पान झडते आणि उन्हाचा जोर होईस्तोवर नवी पालवी आलेली असते. भिंतीपासून पंधरा-वीस फूट सोडून, पश्चिमेला आणि किंचित वायव्येला लावावे, कारण मे-जूनचा सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता वीस-पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नकोत, मुळ्या पाया धरतात. आणि झाडी दाट, जमिनीलगत वाढलेली नको. खिडकीला सावली व्हावी म्हणून घराला खेटून ऊस किंवा गजराज गवत लावलेले आम्ही पाहिले आहे. सावली होते, पण बिबट्याला दबा धरायला जागाही होते. झाडाचा बुंधा छातीपर्यंत मोकळा असावा, खालून अंगण आरपार दिसावे.

स्लॅबचा विषय स्वतंत्र आहे. एकमजली घरात सर्वांत जास्त उष्णता वरूनच येते. तूर्त एवढेच, की होळीनंतर स्लॅबला चुन्याचे दोन हात द्यावेत. कारखान्यात उसाचा रस निवळायला जो चुना लागतो तोच, त्यात भारी काही नाही.

ज्यांना यंदा बांधायचे आहे त्यांच्यासाठी

कागदावर रेघ हलवायला पैसे पडत नाहीत, भिंत हलवायला पडतात. तेव्हा नकाशा काढतानाच पश्चिमेच्या अंगाला जिना, न्हाणीघर, संडास, धान्याची कोठी असे टाकावे. तेथे दुपारी कोणी बसत नाही, आणि त्या खोल्या उन्हाची ढाल होतात. निजायच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला. स्वयंपाकघर पश्चिमेला नकोच नको. संध्याकाळी सहाला भाकरी थापायला बसलेल्या बाईच्या पुढे चूल किंवा गॅस आणि पाठीवर पश्चिमेचे ऊन, हा जाच तिच्यावर उगीच का घालायचा? नकाशा ठरवताना घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारावे. दिवसभर घरात त्याच असतात, आणि नकाशाच्या वेळी नेमके त्यांनाच कोणी विचारत नाही.

ज्यांचे तोंडच पश्चिमेला आहे त्यांचे काय, असा प्रश्न येईल. पुणे-नाशिक रस्ता आपल्या भागातून साधारण दक्षिणोत्तर जातो, त्यामुळे रस्त्याच्या पूर्वेच्या अंगाला घर बांधले की पुढची बाजू पश्चिमेलाच येते, आणि शोभेसाठी मोठी काच त्याच बाजूला लागते. त्यांनी काच लावण्याआधी पुढे सहा-सात फुटांची ओसरी धरावी. ओसरीला जागा नसेल तर उभे पाखे. अहमदाबादला गिरणीमालकांच्या संघाची इमारत आहे, नामांकित वास्तुकार ल कॉर्बुझिए यांची, १९५४ साली पुरी झालेली. तिचीही पुढची बाजू रस्त्याकडे, पश्चिमेला. तेथे काचेपुढे काँक्रीटचे उभे पाखे तिरपे उभे केले आहेत, असे की ऊन त्यांच्यावर अडते आणि वारा मधून जातो. एवढा खर्च आपल्याला नको. विटांची जाळीची भिंत खिडकीपुढे तीन फुटांवर उभी केली तरी तेच काम होते, आणि आपल्या गावचा गवंडी ती डोळे झाकून बांधतो.

पडवीचे पैसे यंदा जुळत नसतील आणि पुढच्या हंगामाच्या बिलावर ती करायची असेल, तर स्लॅब भरतानाच पश्चिमेच्या बीममध्ये दर चार फुटांवर गजाचे आकडे बाहेर सोडून ठेवायला मिस्त्रीला सांगावे, आणि त्यांना गंज लागू नये म्हणून रंगाचा हात द्यावा. पुढे पाख जोडताना भिंत टोचावी लागत नाही, आणि तोवर शेडनेट बांधायला तेच आकडे उपयोगी पडतात.